सुगंधाचा बिनवासाचा सोबती

अत्तर, डिओडरंट किंवा अगरबत्तीच्या जाहिरातीत गुलाब, मोगरा, चंदन, केवडा अशी नावे आपण ऐकतो. पण या सुगंधांना विरघळवून ठेवणाऱ्या आणि अंगावर थोडा अधिक वेळ टिकवणाऱ्या द्रवाचे नाव जाहिरातीत कधीच येत नाही. त्याचे नाव डायइथाइल थॅलेट. रासायनिक मालाचे व्यापारी, अत्तरवाले आणि अगरबत्तीवाले त्याला नुसते 'डीईपी' म्हणतात. आज या पडद्यामागच्या सोबत्याची ओळख करून घेऊ.

नवी मुंबईतले तुर्भे या विषयासाठी मोठे सोयीचे ठिकाण आहे. एका अंगाला बाजार समितीचे मसाला मार्केट. तिथे लवंग, वेलची, दालचिनी यांचा निसर्गाने दिलेला दरवळ. दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची टीटीसी औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि खाडीपलीकडचा हा पट्टा त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या वसाहतींपैकी एक ठरला. १९६८ च्या सुमारास याच रस्त्यावर नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला. तो पुढे बंद पडला, पण रसायनांच्या व्यवसायाचे जे जाळे इथे विणले गेले ते टिकून आहे. सुगंधी रसायने बनवणाऱ्या प्रिवी या कंपनीचे मुख्य कार्यालय शेजारच्या कोपरखैरणे भागात आहे आणि तिचे कारखाने महाडला. खाडीच्या अलीकडे मुलुंडला, १९२२ पासून सुगंधाच्या व्यवसायात असलेले केळकरांचे नाव तर मराठी माणसाला परिचित आहेच.

आता डीईपी तयार कसा होतो ते पाहू. त्याला दोन मुख्य पदार्थ लागतात. पहिला थॅलिक अॅनहायड्राइड. हा खनिज तेलापासून मिळणाऱ्या ऑर्थो-झायलिनपासून बनतो, आणि तळोज्याला त्याचा मोठा कारखाना आहे. दुसरा पदार्थ म्हणजे आपले इथाइल अल्कोहोल. ते साखर कारखान्यांच्या मळीपासून काढता येते. हे दोन्ही थोड्या गंधकाम्लाच्या साक्षीने तापवले की डीईपी आणि पाणी तयार होते. हिशेब सोपा आहे. १४८ किलो अॅनहायड्राइड आणि ९२ किलो अल्कोहोल पूर्णपणे एकत्र आले तर २२२ किलो डीईपी आणि १८ किलो पाणी. म्हणजे या द्रवाचे एक मूळ तेलविहिरीत आणि दुसरे उसाच्या फडात असू शकते.

तयार झालेला डीईपी रंगहीन, किंचित तेलकट आणि जवळजवळ बिनवासाचा असतो. तो पाण्यापेक्षा जड आहे. पाण्याचे दोनशे लिटरचे पिंप दोनशे किलो भरते, डीईपीचे सुमारे २२४ किलो. तो उकळतो २९५ अंश सेल्सिअसच्या पुढे. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळते. या एका फरकात त्याच्या उपयोगाचे बरेचसे रहस्य दडले आहे.

सुगंध म्हणजे हवेत उडालेले रेणू. लिंबाचे तेल भराभर उडते, म्हणून त्याचा वास आधी येतो आणि आधी जातो. चंदन, वाळा सावकाश उडतात. मिश्रणात न उडणारा द्रव असला की उडणाऱ्या रेणूंचा पृष्ठभागावरचा वाटा कमी होतो आणि ते जरा दमाने बाहेर पडतात. गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी मागचे लोक उभे राहिले तर उतरणाऱ्याला जसा वेळ लागतो, तसेच काहीसे. कनौजचे परंपरागत अत्तरवाले फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. चंदन महागले आणि त्याची जागा स्वस्त द्रवांनी घेतली. मात्र चंदनाला स्वतःचा सुगंध आहे, डीईपीला नाही. शिवाय व्हॅनिलीन, कुमारिन, कृत्रिम कस्तुरी यांसारखे स्फटिकरूप पदार्थ विरघळवण्याचे कामही डीईपी चांगले करतो.

त्याला तिसरेही काम आहे. पिण्याच्या दारूवर कर जबर असतो. अत्तरासाठी घेतलेले अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात कडवट डीईपी मिसळतात. मिथाइल अल्कोहोल मिसळूनही स्पिरिट पिण्यास अयोग्य करतात, पण ते विषारी असते आणि त्वचेतूनही शरीरात जाते. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक माणसे याच मिथाइल अल्कोहोलने दगावली. अंगावर फवारण्याच्या वस्तूत ते नको, म्हणून डीईपी. आपल्या घरातल्या डिओडरंटच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. बऱ्याचदा तिथे हे नाव सापडेल.

आता मुख्य प्रश्न. हा डीईपी सुरक्षित आहे का? थॅलेट हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे आणि कुटुंबातली सगळी माणसे सारखी नसतात. प्लास्टिक मऊ करणारे डीईएचपी, डीबीपी हे भाऊबंद प्रजननावर वाईट परिणाम करतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आणि युरोपने २००५ च्या कायद्याने खेळण्यांत त्यांच्यावर बंदी घातली. त्या यादीत डीईपी नाही. युरोपच्या तज्ज्ञ समितीने २००२ साली सौंदर्यप्रसाधनांतील त्याच्या वापराला हरकत घेतली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्यावर बंदी घातलेली नाही. तरी तो त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो, त्याचे विघटन होते आणि तो अवशेष बहुतेक सर्वसामान्य माणसांच्या लघवीत सापडतो. शरीर त्याला लवकर बाहेर टाकते, पण आपण तो रोज वापरतो. म्हणून अभ्यास थांबलेला नाही आणि अनेक कंपन्यांनी डायप्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ट्रायइथाइल सायट्रेट यांची वाट धरली आहे.

घाबरायचे कारण नाही, बेफिकिरीचेही नाही. फवारणी कपड्यांवर करावी, तान्ह्या मुलांच्या अंगावर अत्तर लावू नये. खरी काळजी घ्यायला हवी ती दिवसभर या द्रवात हात घालणाऱ्यांची. कोऱ्या काड्या सुगंधी मिश्रणात बुडवणाऱ्या कामगारांना हातमोजे आणि हवेशीर जागा मिळाली पाहिजे. अगरबत्ती पेटवल्यावर धुरातले बारीक कण हा त्याहून मोठा त्रास आहे, तेव्हा घरात खिडकी उघडी ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. डीईपी घालून सुगंध पातळ करणे हा गुन्हा नाही, पण तो घालून 'शुद्ध चंदन तेल' म्हणून विकणे ही लबाडी आहे. चंदनाचे तेल पाण्याहून हलके असते. त्यात तिसरा हिस्सा डीईपी असेल तर थेंब पाण्यात तळाशी जातो. मात्र थेंब तरंगला म्हणजे तेल शुद्ध, असे समजू नका. पॅराफिनची भेसळही तरंगते. पक्का निकाल प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफीच देते.

जाता जाता एक घरगुती सूचना. अत्तराची गळकी बाटली पॉलिश केलेल्या टेबलावर किंवा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवू नका. जो द्रव सुगंध विरघळवतो तो पॉलिश आणि थर्मोकोललाही सोडत नाही. आणि पुढच्या वेळी अत्तर घेताना दुकानदाराला एवढेच विचारा, "यात सुगंध किती आणि डीईपी किती?" उत्तर देताना तो अडखळला, तर किमतीची घासाघीस करायला हरकत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)