शेजारच्या खुर्चीवरचा राग

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावांतून पोरं पुण्या-मुंबईला कामाला जातात. तिथल्या गर्दीत त्यांना ‘बाहेरचे लोंढे’ हे शब्द ऐकू येतात आणि महिना-दोन महिन्यांत ते त्यांच्याही तोंडी बसतात. फक्त ते बोलले जातात यूपी-बिहारवाल्यांबद्दल.

लोंढा आला की द्वेषाची टोळी आपोआप उभी राहते, असा आपला समज आहे. मुंबईचा इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. १९६० साली मराठी राज्य मिळालं, ‘मार्मिक’ हे साप्ताहिकही त्याच वर्षी निघालं. पुढं त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. बहुतेक नावं दाक्षिणात्य. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ रस्त्यावर आलं आणि उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले.

खरं तर शहरात गुजराती भाषक दाक्षिणात्यांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि भांडवलही बरंचसं त्यांच्याकडे होतं. पण शेठजी कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करत नव्हते! टायपिंग शिकून रांगेत उभ्या असलेल्या मराठी मुलाला हवी ती खुर्ची त्याच्याइतकंच शिकलेल्या ‘मद्राशा’कडे दिसायची. राज्य आपलं झालं, नोकरी मात्र मिळेना, ही चरफड आधीपासून होतीच. याद्यांनी तिला नाव-आडनाव पुरवलं. गिरणीतला कोकणी कामगारही गाव सोडूनच आलेला, पण तो भूमिपुत्र ठरला.

असा राग मतपेटीत चालतो. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेचे ४२ नगरसेवक निवडून आले. संघटना एकदा उभी राहिली की शत्रू बदलता येतो. डिसेंबर १९६७ मध्येच परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या कामगार कचेरीवर हल्ला झाला होता, आणि तिथं तर मराठी माणसांचाच राबता. २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनात पाळी आली ती उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांची आणि रेल्वे भरतीच्या परीक्षार्थींची.

आकड्यांचं गणित परदेशातही जुळत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना सर्वांत फोफावली त्या राज्यांत इंडियाना होतं, आणि तिथं परदेशातून आलेले लोक थोडेच होते.

त्याच अमेरिकेत, जर्सी सिटीत, आपली माणसं ‘बाहेरची’ ठरली. १९८७ मध्ये तिथं ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी निघाली. ‘डॉट’ म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. जुने कारखाने बंद पडलेल्या त्या शहरात भारतीयांची दुकानं-घरं वाढत होती. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये टोळक्याच्या मारहाणीत एक भारतीय तरुण दगावला. तो पारशी होता.