गाजर गवताची नोटीस नेमकी कुणाला?

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रस्त्याच्या कडेला, पाणंदीत, शाळेच्या कुंपणालगत गाजराच्या पाल्यासारखी बारीक रोपं उठतात. त्या वेळी त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. महिना-दीड महिन्यात त्यावर पांढरी फुलं आली की मग गावात तक्रारी सुरू होतात. शेजाऱ्याच्या बांधावरचं बी माझ्या शेतात येतं, गावठाणातलं गवत ग्रामपंचायत काढत नाही, अमक्याची जमीन चार वर्षं पडीक आहे आणि त्रास मात्र आम्हाला. गावोगाव फिरताना एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, याच्यावर काही कायदा आहे का नाही?"

कायदा आहे, आणि तो बराच जुना आहे. मुंबई प्रांताने १९४७ साली शेतीवरील कीड व रोगांसंबंधीचा कायदा केला. कीड म्हटलं की आपल्यासमोर अळी नाही तर तुडतुडा येतो. पण या कायद्यात किडी आणि रोगांच्या जोडीला उपद्रवी तणंही धरलेली आहेत. पुढे निरनिराळ्या राज्यांनी असे कायदे केले. तपशील वेगळे असले तरी सगळ्यांचा सांगाडा एकच आहे. सरकार राजपत्रात अधिसूचना काढून अमुक तण उपद्रवी असल्याचं जाहीर करतं, क्षेत्र ठरवतं, मुदत ठरवतं आणि काय उपाय करायचे तेही सांगतं. त्यानंतर त्या क्षेत्रातल्या प्रत्येक कब्जेदारावर ते उपाय करण्याचं बंधन येतं. त्यानं केलं नाही तर निरीक्षक नोटीस देतो. तरीही हालचाल झाली नाही तर सरकारी माणसं जाऊन काम करतात आणि खर्च त्या कब्जेदाराकडून वसूल होतो.

यातला 'कब्जेदार' हा शब्द नीट ध्यानात घ्यावा. सातबाऱ्यावर नाव कुणाचं एवढंच पाहायचं नसतं, जमीन प्रत्यक्ष कुणाच्या ताब्यात आहे तेही पाहायचं असतं. मालक पुण्या-मुंबईला आणि जमीन गावात वाट्यानं, अशी परिस्थिती आता प्रत्येक गावात आहे. पीक वाटून घेतात, बी-खताचा खर्च वाटून घेतात, पण बांधावरचं तण कुणी काढायचं हे कधी बोलणीत येत नाही. पाडव्याला वाटा ठरवताना हे एक वाक्य वाढवायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अधिसूचना निघाल्याशिवाय हा कायदा चालत नाही. त्यामुळे ती नसताना शेजाऱ्याविरुद्ध या कायद्याचा आधार घेऊन अर्ज केला तर हाती काही लागत नाही. भाडंतोड्याचे पैसे जातात आणि भावकीत वाकडं येतं ते वेगळंच.

मग नुसती अधिसूचना काढली की काम होतं का? शेजारच्या कर्नाटकाने १९७५ सालीच गाजर गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. म्हणून तिकडं गवत संपलं असं कुणी म्हणणार नाही. सीमेवरच्या गावांत जाऊन पाहावं. याउलट आपल्या विदर्भाशी संबंध असलेलं एक जुनं उदाहरण आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड असा एक प्रांत होता तेव्हा तिथं कांस नावाच्या खोल मुळांच्या गवताने मोठी जमीन नापीक केली होती. बैलाच्या नांगराला ते दाद देत नसे. १९४८ साली त्या प्रांताने खास कांस निर्मूलनासाठी कायदा केला. जमीन काही काळ ताब्यात घेऊन सरकारी ट्रॅक्टरने खोल नांगरायची आणि खर्च जमीनधारकाकडून वसूल करायचा, अशी ती पद्धत होती. १९४९ मध्ये जागतिक बँकेने आपल्या देशाला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते अशा जमिनी फोडण्याच्या ट्रॅक्टरसाठीच. मध्य भारतात लाखो एकर जमीन त्या यंत्रांनी फोडली. तिथं कायद्याच्या मागे ट्रॅक्टर उभा होता. गाजर गवताच्या कायद्यामागे उभं राहील असं काही आपण अजून केलेलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

गाजर गवताचा स्वभावही कांसापेक्षा वेगळा. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. बी इतकं हलकं की वारा, पाटाचं पाणी, शेणखत, मुरमाची ट्रॉली, जनावराचे खूर, काहीही त्याला चालतं. गव्हाच्या काढणीला बाहेरून येणारं हार्वेस्टर एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात बी मोफत पोचवतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हेच गवत माजलं आहे. तिथं यंत्रं आणि गाड्या धुऊन काढण्यासाठी रस्त्यावर जागा केलेल्या आहेत आणि २०१४ च्या कायद्याने जमीनधारकावर सरळ जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडं निदान मशीन शेतात घालण्याआधी बांधावर झाडून घ्या, एवढं तरी मालकाला सांगता येईल.

हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर आलं असं सगळेच सांगतात. तो करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे गवत दिसल्यानंतरचा. परदेशी धान्यातून आलं असावं हे खरं, पण कुठल्या बोटीतून ते आता शोधून उपयोग नाही.

खरा त्रास कुणाला होतो? पडीक जमिनीच्या मालकाला नाही. खुरपणीला येणाऱ्या बायकांना होतो. हाताला, मानेला खाज सुटते, कातडी काळी-जाड पडते, काहींना दम लागतो. एकदा हे अंगात भिनलं की दर पावसाळ्यात पुन्हा उठतं. अशा बाईला मग खुरपणीचं कामच सोडावं लागतं. म्हणजे तण एकाच्या जमिनीत आणि मजुरी बुडते दुसऱ्याची. नोटिशीत हा हिशेब कुठंच येत नाही.

आता शेतकऱ्यांचं एक म्हणणं, आणि ते मला पटतं. माझ्या बांधाला नोटीस द्याल, पण रस्त्याच्या साइडपट्टीला, कालव्याच्या भरावाला, गायरानाला नोटीस कोण देणार? सगळ्यात जास्त बी तयार होतं ते अशाच जागी. तिथं खुरपं लागत नाही, पीकही नसतं. आधी सरकारी जागा साफ, मग शेतकऱ्याचा बांध, असा क्रम असायला हवा. गावठाणातलं माजलेलं रान काढणं हे ग्रामपंचायतीचंच काम आहे, त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. तलाठी आणि ग्रामसेवक (पदांची नावं अलीकडे बदलली, कामं तीच आहेत) यांनी ठरवलं तर रस्ता किंवा कालवा ज्या खात्याचा, त्यांना पत्र जाऊ शकतं.

कायद्यातली एक गोष्ट मात्र गावाला अधिसूचनेशिवाय उचलता येते. ती म्हणजे सर्वांसाठी एकच मुदत. एकानं जूनमध्ये काढलं, दुसऱ्यानं ऑगस्टमध्ये, तिसऱ्यानं काढलंच नाही, तर पहिल्याची मजुरी वाया. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह होतो. चांगला उपक्रम आहे, पण आपल्याकडच्या पावसाला तो उशिरा पडतो. जूनमध्ये उगवलेल्या झाडाला तोवर फुलं येऊन काहींचं बी पडलेलंही असतं. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत थांबू नये. १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा : पाऊस सुरू झाल्यापासून तिसरा आणि चौथा आठवडा हा गावाचा गवत काढण्याचा काळ, कुठली पाणंद कुठल्या वस्तीकडे, पडीक जमिनीच्या मालकाला सरपंचाने फोन कधी करायचा आणि तो आला नाही तर मजुरी कुणी द्यायची. ठरावाने दंड करता येत नाही. पण गावाचं नाव घालून आलेलं पत्र शहरातला माणूस टाकून देत नाही, असा अनुभव आहे.

काढताना जमीन ओली असावी, म्हणजे मुळासकट येतं. वरून कापलं तर पुन्हा फुटतं. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी, अंगभर कपडे आणि तोंडाला फडकं असावं. दम्याचा किंवा खाजेचा त्रास असलेल्यांना या कामावर घेऊ नये. आणि श्रमदान म्हणून शाळेच्या पोरांना उघड्या हातांनी गवत उपटायला लावण्याचा प्रकार बंद झाला पाहिजे. फुलावर न आलेलं गवत खड्ड्यात शेणकाला आणि मातीचे थर देऊन कुजवलं तर चांगलं खत होतं. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकू नये, वाळवून एका जागी जाळावं. दगडी पौळ, घराची जोती अशा पीक नसलेल्या जागी मिठाच्या पाण्याचा फवारा चालतो. पंधरा लिटरच्या पंपाला सव्वादोन ते तीन किलो मीठ. शेतात मात्र हा प्रयोग करू नये, जमीन बिघडते.

पाऊस चांगला झाल्यावर पानांवर पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. १९८४ मध्ये बंगलोरला मेक्सिकोहून आणून सोडलेले हे भुंगे गाजर गवतच खातात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात ते सूर्यफुलावर दिसले म्हणून मोठी ओरड झाली होती. तपासाअंती सूर्यफुलाला त्यांच्यापासून धोका नसल्याचं निष्पन्न झालं. थंडीत ते जमिनीत दडून बसतात आणि पुढच्या पावसात वर येतात. ज्या पट्ट्यात भुंगे भरपूर आहेत तिथं फवारा मारू नये. बाकी रिकाम्या कडांना मे महिन्यात टाकळ्याचं बी फेकून ठेवावं. टाकळा दाट उठला की गाजर गवताला जागा राहत नाही, आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

जमिनीत पडलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं. तेव्हा ठराव एका वर्षाचा न करता निदान चार वर्षांचा करावा, आणि सप्टेंबरात एक फेरी पुन्हा मारावी. परतीच्या पावसावर उगवलेली रोपं तेव्हा बोटभरच असतात.