किशोरवयीन नैराश्य : आधार महत्त्वाचा

मिरजोळे असो वा मुंबई, किशोरवयीन मूल अबोल झाले, अभ्यासातले लक्ष उडाले की ‘वयच तसे’ म्हणून दुर्लक्ष केले जाते. प्रत्यक्षात मारहाण, घरातील व्यसन, आईवडिलांची ताटातूट असे बालपणीचे आघात त्यामागे असू शकतात. असे आघात जितके अधिक, तितका पुढे नैराश्याचा धोका अधिक, असे अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेलिटी व अँडा यांच्या अभ्यासात आढळले. मात्र नैराश्य अटळ नसते. विश्वासाने ऐकून घेणारी आजी, शिक्षक वा मित्र लाभल्यास हा धोका कमी होतो. उदासी दोन आठवडे टिकल्यास मात्र तज्ज्ञांना दाखवावे. मिरजोळेकरांना रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळच आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही अहोरात्र उपलब्ध असते.