पुनर्निर्मिती कशाची : कथेची की भीतीची?

जुना गाजलेला चित्रपट नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा काढणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. परंतु काय बदलायचे आणि काय राखायचे, याचा विचार नटनट्या, गाणी आणि वेशभूषा यांच्यापलीकडे फारसा जात नाही. प्रेम आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटाचा प्राण भीती हा असतो. म्हणून खरा प्रश्न असा, की ती भीती येते कोठून?

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. वकिलाची पत्नी मरण पावते. पुढे हुबेहूब तशीच दिसणारी एक आरोपी स्त्री न्यायालयात ‘मीच यांची पत्नी’ म्हणून उभी राहते. उलगडा असा, की पत्नीने आपली जुळी बहीण नवऱ्यापासून लपवलेली होती. राज खोसला यांनी १९६६ मध्ये याचाच हिंदीत ‘मेरा साया’ केला. साधना आणि सुनील दत्त आले, चित्रण उदयपूरला झाले, मराठी वकिलाचा ठाकूर झाला. कथेचे काही बिघडले नाही. कारण रहस्य चेहऱ्यात होते, आणि चेहरा कोणत्याही प्रांतात नेता येतो.

आज हीच कथा घेतली तर ती अर्ध्या तासात संपेल. जुळ्या बहिणींचे चेहरे सारखे असले तरी बोटांचे ठसे वेगळे असतात. आधारच्या यंत्रावर अंगठा टेकवला की रहस्य संपले. तेव्हा आजच्या दिग्दर्शकाने ‘ती कोण?’ हा प्रश्न सोडून ‘तिला बहीण लपवावी का लागली?’ हा प्रश्न हाती घ्यावा, असे मला वाटते. प्रतिष्ठित घरात टिकण्यासाठी आपले मूळ झाकावे लागणे, हे भय कोणत्याही यंत्राने घालवलेले नाही. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव गिळणाऱ्या आपल्या माणसांना ते समजावून सांगावे लागत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) लपवण्यासारखे काहीच नाही. पाटलाची आर्ची आणि मासेमाऱ्याचा परशा. धोका कोणाकडून, हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक असते. तरी छातीतली धडधड थांबत नाही, कारण येथे भीती कथानकात नसून समाजरचनेत आहे. मी चोपड्यात महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. प्रिन्सने लोखंडे सरांना भर वर्गात मारलेली थप्पड मला नुसती दांडगाई वाटत नाही. ती कोणी कोणाला मारली, हे कळायला दोन्ही आडनावांचा अर्थ कळावा लागतो.

‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८) हाही उदयपूरलाच गेला. ‘झिंगाट’ची चाल सोबत नेली, जातीचा उच्चार मात्र ओझरता राहिला, आणि संघर्ष घराण्याचा मान व राजकारण यांच्यावर येऊन ठेपला. शेवटही बदलला. मूळ चित्रपटात आईबाप मारले जातात आणि लेकरू रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मरतात, आई उरते. धक्का तेवढाच बसतो, परंतु तो का बसला याचे उत्तर प्रेक्षकाच्या हाती लागत नाही.

नव्या पिढीला जात नको असते, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो मला पटत नाही. आमच्या चोपड्यातच २०२५ च्या एप्रिलमध्ये, प्रेमविवाह केलेल्या मुलीवर हळदीच्या कार्यक्रमात बापानेच गोळी झाडली. मुलगी गेली, जावई जखमी झाला. त्या घटनेमागे काय काय होते, याचा निवाडा येथे करायचा नाही. परंतु मनाने जोडीदार निवडण्याची धास्ती माझ्या वर्गातल्या मुलामुलींना इतिहासात शोधावी लागत नाही, एवढे खरे.

जात राखूनही पुनर्निर्मिती करता येते. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावरून २०२५ मध्ये ‘धडक २’ निघाला. त्यात कायद्याचा दलित विद्यार्थी नायक आहे आणि त्याचा अपमान कशामुळे होतो, हे चित्रपट स्पष्ट सांगतो.

काळाप्रमाणे शहर, कपडे, मोबाइल खुशाल बदलावेत. भीतीचे मूळच काढून टाकले, तर नवा चित्रपट ‘पाठलाग’मधल्या त्या जुळ्या बहिणीसारखा होईल : चेहरा तोच, माणूस दुसरे.