व्हीटनमधलं एक घर

हार्वर्ड पाहायला गेलेली माणसं हार्वर्ड स्क्वेअरमधल्या 'कूप' या दुकानात हटकून शिरतात. लेकीच्या पदवीदानाला इथून गेलेले आईबाबा तिथूनच किरमिजी स्वेटशर्ट घेतात. छातीवर विद्यापीठाचं नाव आहे म्हणजे दुकानही विद्यापीठाचंच, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. १८८२ साली विद्यार्थ्यांनी उभी केलेली ही सहकारी संस्था आहे. सहकार म्हटलं की आपल्याला साखर आठवते. इथे मात्र वह्या-पुस्तकांच्या जोडीला थंडीत शेकोटीत घालायला कोळसा आणि लाकूड स्वस्तात मिळावं, हा हेतू होता. आणि आज या दुकानाचा रोजचा कारभार विद्यार्थीही पाहत नाहीत. तो बऱ्याच वर्षांपासून 'बार्न्स अँड नोबल कॉलेज' या साखळीकडे आहे.

अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांत हेच चित्र दिसतं. पाटी विद्यापीठाची, रंग आणि बोधचिन्ह विद्यापीठाचं, पण गल्ल्यामागे कंपनी. माल कंपनी भरते, नोकर कंपनी नेमते आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा विद्यापीठाला देते. बऱ्याच करारांत वर्षाकाठी किमान अमुक रक्कम द्यायचीच, असंही कलम असतं.

या धंद्यात 'बार्न्स अँड नोबल'ची जुनी प्रतिस्पर्धी म्हणजे 'फॉलेट'. दोघींचा माग काढत मागे गेलो आणि थक्क झालो. दोन्ही वाटा एकाच घराच्या दारात जाऊन थांबतात! शिकागोजवळच्या व्हीटन गावात १८७३ साली चार्ल्स बार्न्स यांनी राहत्या घरातून पुस्तकांचा व्यापार सुरू केला. पुढे तो शिकागोत गेला. १९०१ साली तिथे सी. डब्ल्यू. फॉलेट नावाचा तरुण नोकरीला लागला आणि कालांतराने धंदा त्याच्या हाती आला. बार्न्स यांचा मुलगा विल्यम १९१७ साली न्यूयॉर्कला जाऊन नोबल नावाच्या गृहस्थांचा भागीदार झाला. नोकराच्या नावाने एक साखळी, मुलाच्या नावाने दुसरी. विल्यमच्या शाखेला विद्यापीठांच्या आवारात पसरवलं ते लेनर्ड रिजिओ यांनी. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकताना ते तिथल्याच पुस्तकांच्या दुकानात काम करत. १९६५ साली त्यांनी जवळच स्वतःचं दुकान थाटलं आणि १९७१ साली डबघाईला आलेलं 'बार्न्स अँड नोबल' विकत घेतलं.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो या दुकानांतल्या वापरलेल्या पुस्तकाचा प्रवास. जुना रूढ हिशेब असा: शंभर डॉलरचं नवं पुस्तक सत्र संपल्यावर दुकान पन्नासला परत घेतं आणि पुढच्या विद्यार्थ्याला पंचाहत्तरला विकतं. तो परत आणतो, त्यालाही पन्नास मिळतात. तेच पुस्तक दर फेरीला दुकानाला पंचवीस डॉलर देतं, लेखक-प्रकाशकाला मात्र पहिल्या विक्रीनंतर एक पैही नाही. अर्थात हा भाव मिळतो तो प्राध्यापकाने पुढच्या सत्रालाही तेच पुस्तक लावलं असेल तरच. नाहीतर ते कवडीमोलाने घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात जातं, उदाहरणार्थ मिसुरीतल्या कोलंबियात, आणि तिथून ज्या विद्यापीठात ते लागलेलं आहे तिथे निघतं. समासातल्या कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणांसकट! पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात पुस्तकं विकून पुढच्या वर्षाची घेतलेल्या कुणालाही हे गणित ओळखीचं वाटेल. फरक आहे तो देशभर पुस्तकं पाठवणाऱ्या गोदामांचा. प्रकाशकही गप्प बसत नाहीत. दोन-चार वर्षांनी नवी आवृत्ती येते, स्वाध्यायांचे क्रमांक बदलतात आणि जुन्या प्रतीची फेरी तिथेच थांबते. पुस्तक निवडतो प्राध्यापक आणि पैसे मोजतो विद्यार्थी, म्हणूनच हे चालतं. विद्यार्थ्यावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

एकदा विकलेल्या पुस्तकावर प्रकाशकाचा हक्क का उरत नाही? याचं उत्तर १९०८ सालच्या एका खटल्यात आहे. 'द कास्टअवे' या कादंबरीत प्रकाशकाने छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ती विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दुकानाच्या बाजूने दिला.

पण तीच पुस्तकं परदेशात छापलेली असतील तर? हा प्रश्न शंभरेक वर्षांनी न्यायालयापुढे आला तो थायलंडहून कॉर्नेलला गणित शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यामुळे. घरच्या माणसांकडून तो तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवायचा आणि अमेरिकेत विकायचा. प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. 'विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेशात' असं मुखपृष्ठावर छापलेली पातळ कागदाची पुस्तकं पुण्या-मुंबईची मुलं बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवून कित्येक वर्षं अमेरिकेला नेत आली आहेत. शिकून झाल्यावर ती तिथल्या धाकट्यांना विकायलाही आता हरकत नाही.