एकहाती खेळाडू : पीट ग्रे

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. पण क्रिकेट जाणणाऱ्यास तो समजायला जड जाऊ नये. गोल बॅट दोन्ही हातांनी धरून चेंडू टोलवायचा. क्षेत्ररक्षण करताना एका हातातील चामडी ग्लोव्हमध्ये तो झेलायचा व दुसऱ्या हाताने फेकायचा. म्हणजे खेळाची सारी मांडणीच दोन हातांची! तरीही १९४५ साली उजवा हात नसलेला एक खेळाडू अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, उतरला होता.

पीट ग्रेचे मूळ आडनाव वायश्नर. जन्म १९१५ चा, पेनसिल्व्हेनियातील नॅन्टिकोक या कोळसाखाणींच्या गावातला. लहानपणी गाडीवरून पडून त्याचा उजवा हात चाकाच्या आऱ्यांत सापडला व कापावा लागला. मूळचा उजखुरा पोरगा डाव्या हाताने सारे नव्याने शिकला. चेंडू झेलला की ग्लोव्ह तो उजव्या थोट्याखाली दाबी, चेंडू छातीवरून घरंगळत हातात घेई आणि फेकी. हे वाचायला लागतो त्याहूनही कमी वेळात!

१९४४ साली दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये मेम्फिसकडून खेळताना त्याची फलंदाजीची सरासरी .३३३ होती. दर तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका, हे दोन हातवाल्यांनाही सहसा जमत नाही. त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढल्या वर्षी सेंट लुई ब्राउन्स संघाने त्याला घेतले. महायुद्धामुळे अनेक नामवंत खेळाडू सैन्यात होते. प्रेक्षक खेचण्यासाठीच त्याला घेतले, अशी कुजबुज तेव्हा झाली. ती अगदीच खोटी नसेल. पण मेम्फिसचे आकडे काही तिकीटविक्रीसाठी रचलेले नव्हते.

ब्राउन्सकडून तो ७७ सामने खेळला. २३४ प्रयत्नांत ५१ फटके, सरासरी .२१८. ही घसरण का झाली? सुरू केलेला फटका अर्ध्यावर आवरायला दुसरा हात लागतो. ग्रेची बॅट एकदा फिरली की थांबत नसे. गोलंदाजांनी हे हेरले आणि ते त्याला मुद्दाम संथ, फसवे चेंडू टाकू लागले. शिवाय तो ग्लोव्ह काढेपर्यंत प्रतिस्पर्धी एक टप्पा जास्त धावून घेत. आदल्या वर्षीचा लीगविजेता संघ यंदा तिसरा आला, त्याचे खापर काही सहकाऱ्यांनी त्याच्यावर फोडले. एका माणसावर एवढा भार टाकणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

त्याच काळात लष्करी इस्पितळांत हातपाय गमावलेल्या सैनिकांना तो भेटत असे. मात्र स्वतःच्या धैर्याची स्तुती त्याला रुचत नसे. खेळाडू म्हणून मोजा, एवढेच त्याचे मागणे.

१९४६ मध्ये सैन्यातले खेळाडू परतले व ग्रेची रवानगी पुन्हा दुय्यम लीगमध्ये झाली. १९४९ पर्यंत तो खेळला, मग नॅन्टिकोकला परतला. तेथेच २००२ साली त्याचे निधन झाले.