थिबाराजाचा मोर

रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहायला आलेले लोक लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्यांचे फोटो काढतात, खाडीवरचा वारा खातात आणि जातात. 1885 साली इंग्रजांनी मंडालेहून उचललेला ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीतच 1916 मध्ये वारला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या मोराची मात्र कोणी चौकशी करत नाही.

थिबाचं कोनबाउंग घराणं स्वतःला सूर्यवंशी म्हणवायचं, आणि त्यांच्याकडे सूर्याची खूण होती मोर. चंद्राची खूण ससा. तो ससा आपल्याही ओळखीचा, चंद्रावर आपल्या आज्या तोच दाखवत आल्या! कोकणातल्या शिलाहारकालीन गधेगळांवर, म्हणजे दानाच्या शिळांवर, माथ्याशी सूर्य आणि चंद्रकोर कोरलेली असते, दान चंद्र-सूर्य असेतो टिकावं म्हणून. ब्रह्मदेशात त्याच जोडीला पिसं आणि कान फुटले. पिसारा फुलवलेला मोर थिबाचे वडील मिंदोन यांच्या चांदीच्या नाण्यांवर ऐटीत उभा आहे. त्या नाण्यांवर बर्मी सन 1214, म्हणजे इ. स. 1852.

आणि खरी गंमत पुढेच. ब्रह्मदेशच्या रानातला हिरवा मोर आणि आपला मोर या दोन वेगळ्या जाती आहेत. आपल्या मोराची मान निळीशार, डोक्यावर उघडलेल्या पंख्यासारखा तुरा. हिरव्या मोराचा तुरा उभा, मिटलेला आणि निमुळता. मान हिरवी-सोनेरी, खवल्याखवल्यांची. गालावर निळे-पिवळे पट्टे. लांडोरसुद्धा जवळपास तितकीच रंगीत, आपल्याकडच्यासारखी मातकट नाही. पैठणीच्या पदरावर किंवा समईच्या टोकाशी मोर दिसला की तुरा पाहायची खोड मला यातूनच लागली. कारागीर मान हवी तशी वळवतो, पण तुऱ्यावरून पक्ष्याचा मुलूख बऱ्याचदा कळतो.

मंडालेच्या राजवाड्यात राजाची बहुतेक आसनंही प्राण्या-पक्ष्यांच्या नावांची होती: सिंह, हत्ती, हरीण, भुंगा, आणि पक्ष्यांपैकी हंस व मोर. 1945 च्या लढाईत राजवाडा जळाला, आसनं गेली. एक सिंहासन तेवढं वाचलं, कारण इंग्रजांनी ते आधीच कलकत्त्याच्या म्युझियममध्ये नेलं होतं. म्हणजे काही वर्षं राजा कोकणात आणि त्याचं सिंहासन बंगालात, असा प्रकार होता. 1948 साली ते परत गेलं आणि आता यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोराचं आणि हंसाचं आसन तिथे छोट्या प्रतिकृतींतच पाहायला मिळतं.